पिलांची ऊब आणि गॅसची शेगडी

अंड्याचें कवच फोडून नुकतेंच बाहेर आलेलें कोंबडीचें पिलूं दिसावयास मोठें चपळ दिसतें. परंतु स्वतःच्या शरीराची ऊब राखण्याचें सामर्थ्य त्याच्या ठिकाणीं अद्याप आलेलें नसतें. त्याच्या अंगावर नुसती लव असते, पिसें नसतात. पोटांत शिल्लक राहिलेल्या बलकाच्या जोरावर पहिले दोन-तीन दिवस तें अन्नपाण्यावांचून तग धरूं शकतें, आणि म्हणूनच एक दिवसाचीं पिलें पेट्यांत घालून दूरच्या गांवीं पाठवितां येतात. पण उबेवांचून त्याचें चालत नाहीं. साधारणपणें दोन आठवड्यांचें होईपर्यंत त्याला ही ऊब बाहेरून मिळावी लागते. खेड्यांतील घरीं हें काम कोंबडी करते. ती पंख पसरून बसते. पिलें तिच्या पोटाखालीं शिरतात, ऊब घेतात, दाणे टिपावयास बाहेर पडतात, आणि अंग गार पडूं लागलें कीं पुन्हां आंत शिरतात. कोंबडी सारें अंगण तापवीत नाहीं. ती फक्त आपलीं पिलें तापविते. एवढी साधी गोष्ट ध्यानांत ठेवली, तर या विषयांतील पुढची यंत्रविद्या समजावयास कठीण जाणार नाहीं.

शिरूर व दौंड हे पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशांत मोडतात. घोड नदीच्या कांठचें शिरूर आणि भीमेच्या कांठचें दौंड यांच्या आसमंतांत हिंडणाऱ्यास ऊंस आणि ज्वारी यांच्या शेतांमधून जागोजाग लांबट, पत्र्याच्या छपराच्या, दोन्ही बाजूंस जाळी व पडदे लावलेल्या शेड दिसतात. त्या कोंबडीपालनाच्या होत. अशा एकेका शेडमध्यें एकाच दिवशीं हजारों पिलें उतरतात आणि त्यांतल्या एकालाहि आई नसते. पुष्कळ ठिकाणीं हा व्यवसाय करारानें चालतो. पिलें, खाद्य व औषधें कंपनी पुरविते. शेड, पाणी, मजुरी आणि ऊब यांचा भार शेतकऱ्यावर असतो. सुमारें सहा आठवड्यांत पक्षी विक्रीस तयार होतात. त्यांपैकीं पहिला आठवडा जर थंडींत गेला, तर मेलेलीं पिलें तर गेलींच, पण जगलेलींहि पुढें वाढींत मागें पडतात. आणि तें नुकसान उरलेल्या पांच आठवड्यांत भरून निघत नाहीं.

या भागांतील थंडी मुंबईच्या मनुष्यास सहसा कल्पनेंत येत नाहीं. डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र रात्रीं कोरडी जमीन दिवसां मिळविलेली उष्णता आकाशाकडे टाकून देते, आणि पहाटे पारा दहा अंशांच्याहि खालीं उतरतो. खुद्द पुणें शहरांत १७ जानेवारी १९३५ रोजीं तो १.७ अंशांपर्यंत खालीं गेला होता. पहिल्या दिवसाच्या पिलाला मात्र आपल्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३४ अंश ऊब हवी असते. बाहेर दहा, आंत तेहेतीस, आणि मध्यें फक्त एक पडदा, असा हा हिशेब आहे.

हें अंतर भरून काढण्याचे जुने मार्ग दोन. एक विजेच्या दिव्यांचा. पत्र्याच्या टोपाखालीं दिवे टांगून पिलांना त्याखालीं सोडावयाचें. हा मार्ग स्वच्छ खरा. पण वीज गेली कीं ऊबहि जाते. दुसरा मार्ग बुखारीचा, म्हणजे लोखंडी पिंपांत कोळसा किंवा लांकडाचा भुसा पेटवून तें शेडमध्यें ठेवण्याचा. बुखारी प्रथम हवा तापविते. तापलेली हवा हलकी होऊन छपराला जाऊन भिडते, आणि पिलें तर जमिनीवर असतात. त्यांतच धुमसणाऱ्या कोळशांतून विषारी वायु सुटतो. या दोन्ही मार्गांच्या उणिवा टाळण्यासाठीं गॅसची टांगती शेगडी आली. शेतकरी तिला ब्रूडर म्हणतात.

वरून टांगलेली शेगडी खालच्या पिलांना कशी तापविते, हें समजण्यासाठीं स्वयंपाकघरांतील अनुभव पुरेसा आहे. तवा तापला कीं त्यावर ठेवलेल्या उलथण्याचा दांडाहि तापतो. हें उष्णतेचें वहन. पातेल्याच्या तळचें पाणी तापून वर चढतें व वरचें गार पाणी खालीं येतें; हें अभिसरण. चुलीसमोर बसलें असतां तोंड भाजतें व पाठ गार राहते, हें प्रारण. या तिसऱ्या प्रकारांत उष्णता किरणांच्या रूपानें सरळ रेषेंत जाते, वाटेंतील हवेला फारशी तापवीत नाहीं, आणि ज्या वस्तूवर पडते त्या वस्तूला तापविते. १८०० सालीं विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें लोलकानें सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि तांबड्या रंगाच्याहि पलीकडे, जेथें डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं तेथें, तापमापक ठेवला. पारा चढला. तेच हे अवरक्त किरण. ते वर टांगलेल्या शेगडींतून निघून थेट पिलांवर आणि त्यांच्या पायांखालच्या तुसावर पडतात. तूस ऊबदार झालें कीं पिलांचे पाय व पोट ऊबदार राहतें. सारी शेड न तापवितां फक्त पिलें तापविण्याची जी कोंबडीची रीत, तीच या यंत्रानें उचलली आहे.

या शेगड्यांचे ठळक प्रकार दोन. पहिला लहान व गोल. त्यांत बारीक छिद्रांच्या चिनी मातीच्या तबकडीवर किंवा धातूच्या जाळीवर गॅस जळतो, ती तबकडी लालबुंद होते, आणि वरचा पत्र्याचा टोप तिचे किरण खालीं वळवितो. जळून उरलेले वायु मात्र शेडमध्येंच सुटतात. दुसरा प्रकार लांब नळीचा. तो थंड देशांतील कारखाने व विमानें ठेवण्याच्या प्रशस्त इमारती यांसाठीं वापरांत असून सर्व बाजूंनीं बंद, यंत्रनियंत्रित कोंबडीघरांनाहि तो सोयीचा पडतो. त्यांत छपराखालीं पोलादाची लांब नळी टांगलेली असते. तिच्या एका टोंकाला पेटींत बर्नर असतो. पंखा ज्वालेचे तप्त वायु नळींतून पुढें नेतो. नळी कित्येक शें अंश तापते. तिच्यावरचा चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा किरण खालीं परतवितो. आणि दुसऱ्या टोंकानें हे वायु धुराड्यावाटे शेडच्या बाहेर सोडतां येतात. लांब नळीच्या शेगडीचा सर्वांत मोठा गुण हाच, कीं ज्वालेची उच्छिष्ट हवा पिलांच्या वाट्याला येत नाहीं. हें धुराडें बाहेर न नेतां आंतच मोकळें सोडलें, तर जास्त पैसे देऊन घेतलेला गुण आपल्या हातानें टाकून दिल्यासारखें होतें.

येथें कोंबडी आणि ज्वाला यांतील मोठा भेद लक्षांत घेतला पाहिजे. कोंबडी ऊब देतांना जी हवा घेते ती नगण्य. ज्वाला मात्र हवेवरच जगते. सिलिंडरांतील गॅस हें प्रोपेन व ब्यूटेन या दोन वायूंचें मिश्रण. त्याचा एक किलो पूर्णपणें जळावयास सुमारें पंधरा किलो, म्हणजे बारा-तेरा घनमीटर हवा लागते; आणि त्यांतून सुमारें तीन किलो कार्बन डाय-ऑक्साइड व दीड किलोहून थोडें अधिक पाणी बाष्परूपानें निर्माण होतें. ताशीं अर्धा किलो गॅस जाळणाऱ्या चार शेगड्या रात्रींचे बारा तास चालल्या, तर चोवीस किलो गॅस जळेल; त्याला सुमारें तीनशें घनमीटर हवा लागेल, आणि शेडमध्यें अदमासें ३७ लिटर पाणी, म्हणजे दोन-तीन घागरी, वाफेच्या रूपानें ओतलें जाईल. तें पाणी पहाटे गार पत्र्याला लागून थेंबाथेंबानें तुसावर टपकतें. तूस ओलें झालें कीं विष्ठेंतून अमोनिया सुटतो आणि पिलांचे डोळे व श्वासनलिका त्यानें बिघडतात. शेडमध्यें थंडीचा बंदोबस्त झाला, पण रोगाला दार उघडलें, असें मग होतें.

याहून मोठा धोका हवा अपुरी पडल्यानें उत्पन्न होतो. गॅसला पुरेशी हवा मिळाली नाहीं, तर तो अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. या वायूला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. रक्तांतील ज्या तांबड्या द्रव्याच्या आधारें प्राणवायु शरीरभर जातो, त्या द्रव्याला हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट चिकटतो. म्हणून हवेंत त्याचें प्रमाण अत्यल्प असलें तरी रक्तांत तो सांचत जातो. कोंबडीघरांत दहा लक्ष भाग हवेंत त्याचे दहा भागहि होऊं देऊं नयेत, असा दंडक आहे. हिंवाळ्यांतील शेतकरी गॅस वांचविण्यासाठीं सारे पडदे घट्ट बांधतो, फटींत गोणपाट कोंबतो, आणि पिलांवर लक्ष ठेवण्यासाठीं राखणदार त्याच शेडमध्यें घोंगडी पसरून निजतो. पिलें, राखणदार आणि ज्वाला हीं तिघेंहि तेव्हां एकाच हवेचीं भागीदार असतात, आणि त्यांत ज्वालेचा वाटा सर्वांत मोठा असतो. ऊब आणि मोकळी हवा यांपैकीं एकच मिळेल, ही समजूत या व्यवसायांतील सर्वांत महाग पडणारी समजूत आहे. गॅसच्या शेगडीला मोकळी हवा हेंहि एक इंधनच होय, आणि तें विकत घ्यावें लागत नाहीं.

आतां शेगडी बसविण्याविषयीं. प्रथम सिलिंडरची जागा. गॅस हवेपेक्षां दीडपट ते दुप्पट जड असतो. गळला तर तो वर न जातां पाण्यासारखा खालीं उतरून खड्ड्यांत, गटारांत, तळघरांत सांचतो. म्हणून सिलिंडर शेडच्या बाहेर, जमिनीच्या पातळीवर, सावलींत, वाऱ्याच्या जागीं, उभे आणि साखळीनें बांधलेले असावे. जवळ गटार किंवा विहीर नसावी. घरगुती वापराचा १४.२ किलोचा सिलिंडर व्यवसायाला वापरणें कायद्यानें मना आहे; १९ किंवा ४७.५ किलोचे व्यापारी सिलिंडर घ्यावे. २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांप्रमाणें एकूण १०० किलोपर्यंतचा हा गॅस परवान्यावांचून ठेवतां येतो. १९ किलोचे पांच भरलेले सिलिंडर ही ती मर्यादा झाली. त्याहून अधिक सांठा करावयाचा असेल, तर आधीं परवाना काढावा.

सिलिंडरपासून शेगडीपर्यंतची वाट शक्य तितकी धातूच्या नळाची असावी, आणि प्रत्येक शेगडीला स्वतंत्र चावी असावी. कोंबडीघर म्हटलें कीं खाद्य आलें, आणि खाद्य म्हटलें कीं उंदीर आले. रबरी नळी त्यांना कुरतडावयास सांपडते. म्हणून लवचिक नळी फक्त शेवटच्या हातभर अंतरांत, प्रमाणित मुद्रेची आणि पट्टीनें आवळलेली असावी. दाबनियंत्रक, म्हणजे ज्याला व्यवहारांत रेग्युलेटर म्हणतात तो, शेगडीच्या पत्रकांत जो दाब दिला असेल त्याच दाबाचा हवा. घरच्या शेगडीचा रेग्युलेटर येथें उपयोगी पडेलच असें नाहीं, आणि अधिक दाबाचा लावला तर ज्योत तबकडी सोडून उडते. जोडणी पुरी झाली कीं प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेंस लावून पाहावें. जेथें बुडबुडा फुगेल तेथें गळती आहे. काडी पेटवून गळती शोधणें म्हणजे अपघाताला बोलावणें धाडणें होय.

शेगडी टांगण्यासाठीं पोलादी साखळीच वापरावी आणि ती छपराच्या कैचीला बांधावी, पत्र्याला नव्हे. सुतळी जळते, नायलॉनची दोरी वितळते. ज्या नळींतून गॅस येतो तिच्यावर शेगडीचा भार मुळींच पडूं देऊं नये. खालचें तूस, बाजूचे पडदे, छपराखालीं लावलेलें गोणपाट, विजेच्या तारा, या सर्वांपासून किती अंतर राखावें तें शेगडीवरील पट्टींत लिहिलेलें असतें. तें अंतर दगडांत कोरलेली रेघ समजून पाळावें. गॅस वांचविण्यासाठीं शेगडी हातभर खालीं ओढली आणि त्याच रात्रीं एक साखळी सुटली, तर कोरड्या तुसाला आग लागावयास पळभरहि लागत नाहीं. यासाठीं प्रत्येक शेगडीला एक जादा साखळी आधाराला असावी.

लांब नळीच्या शेगडीला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पोलाद तापलें कीं लांबतें. पंधरा मीटर लांबीची नळी तीनशें अंशांनीं तापली, तर ती सुमारें पांच सेंटिमीटर वाढते आणि थंड झाली कीं पुन्हां आंखडते. दररोज कित्येकदां ही ये-जा चालते. नळी साखळ्यांवर मोकळी झुलती ठेवली, तर ती निमूटपणें सरकते. भिंतीला किंवा कैचीला ती आवळून टाकली, तर तिचे सांधे उकलतात. तिला गॅस पुरविणारी शेवटची नळीहि याच कारणासाठीं लवचिक, आणि उत्पादकानें सांगितलेल्या वळणांत बसविलेली हवी. अन्यथा तीच ताणली जाऊन फुटते. धुराडें छपराच्या किंवा भिंतीच्या बाहेर नेतांना तें जेथें लांकडाजवळून जातें तेथें पुरेसें अंतर सोडावें, आणि तोंडावर पाऊस व पांखरें आंत शिरणार नाहींत अशी टोपी असावी. हें सारें काम माहीतगार कारागिराकडूनच करवून घ्यावें.

शेगडी पेटवितांना आधीं पडदे थोडे उघडावे, मग पेटती ज्योत जवळ न्यावी, आणि शेवटीं गॅसची चावी फिरवावी. हा क्रम उलटा झाला तर गॅस आधीं सांचतो आणि नंतर एकदम भडकतो. ज्योतीजवळ एक बारीक धातूची कांडी बसविलेली असते. दोन निरनिराळ्या धातूंचा सांधा तापविला तर त्यांतून विजेचा किंचित् प्रवाह निघतो, ही गोष्ट सीबेक या शास्त्रज्ञानें १८२१ सालीं दाखविली; त्याच प्रवाहाच्या जोरावर एक लहानसा चुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. वाऱ्यानें ज्योत विझली कीं कांडी गार पडते, चुंबक सुटतो आणि झडप आपोआप मिटते. ही कांडी धुळीनें माखली कीं शेगडी वारंवार विझूं लागते, आणि मग कोणी तरी कंटाळून झडप तारेनें बांधून उघडी ठेवतो. त्या क्षणापासून शेडमध्यें विझलेल्या शेगडींतून गॅस वाहत राहण्याची सर्व सिद्धता झालेली असते. लांब नळीच्या यंत्रांत हाच पहारा अधिक कडक असतो. पंखा आधीं जुनी हवा झाडून काढतो, हवेचा दाब पुरेसा आहे कीं नाहीं तें पाहिलें जातें, मगच ठिणगी पडते. आणि ज्योत न लागली तर यंत्र स्वतःला कुलूप घालून घेतें. असें कुलूप पडलें असतां बटण पुन्हां पुन्हां दाबण्याऐवजीं, कारण काय तें शोधावें. वीज गेली कीं पंखा थांबतो व ही शेगडीहि थांबते. म्हणून अशा शेडला जनित्राची सोय हवीच.

पिलें येण्यापूर्वीं निदान एक दिवस शेगडी चालूं ठेवून तूस ऊबदार करून घ्यावें. पुढें दर आठवड्यास सुमारें तीन अंशांनीं ऊब कमी करीत आणावी. तापमापक पिलाच्या पाठीच्या उंचीवर टांगावा, मनुष्याच्या डोळ्यांच्या उंचीवर नव्हे. परंतु खरा तापमापक पिलेंच होत. शेगडीच्या खालीं तीं एकमेकांवर चढून गोळा झालीं, तर ऊब कमी आहे; चोंची उघडून, पंख पसरून कडेला पळालीं, तर ऊब जास्त आहे; सगळीं एकाच बाजूला दाटलीं, तर दुसऱ्या बाजूनें वारा शिरतो आहे; आणि सर्वत्र सारखीं पसरून दाणे टिपीत असलीं, तर सारें यथास्थित आहे. पडदे वरच्या बाजूनें उघडतील असे बांधलेले असावे. वीतभर फट वरून उघडी राहिली, तर पिलांना झोत न लागतां उष्ण, ओली, वापरलेली हवा निघून जाते. शेडच्या दुसऱ्या टोंकाला ताजी हवा येण्यासहि वाट असावी. यानें गॅस थोडा अधिक जळेल हें खरें. पण ओल्या तुसामुळें होणाऱ्या रोगावरील औषधांचा खर्च त्याहून अधिक होतो.

शेगडीची निगा हा सर्वांत कंटाळवाणा, म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित भाग. कोंबडीघरांत तुसाची व पिसांची धूळ अखंड उडत असते आणि ज्योतीबरोबर आंत ओढली जाते. तबकडी सर्वत्र सारखी लाल दिसली पाहिजे. मध्येंच काळा डाग दिसला तर तेथील छिद्रें बुजलीं असें समजावें. साध्या बर्नरची ज्योत निळी असावी. ती पिंवळी पडून काजळी धरूं लागली, तर हवा कमी पडते आहे आणि विषारी वायु निर्माण होतो आहे, असें तिचें सांगणें असतें. शेगडी पूर्ण थंड झाल्यावर मऊ कुंचल्यानें किंवा हवेच्या हलक्या झोतानें ती झाडावी. छिद्रांत तार खुपसूं नये, कारण छिद्र मोठें झालें कीं गॅसचें माप बिघडतें. पिलांचा एक लॉट गेल्यावर शेड धुतली जाते, तेव्हां शेगड्या उतरवून किंवा झांकून ठेवाव्या. पाण्याचा झोत व जंतुनाशकाचे तुषार या दोहोंनींहि बर्नर गंजतो. अमोनियाचा पितळेवर विशेष राग आहे. त्यानें पितळी जोडांना केंसासारखे बारीक तडे जातात व ते वरून दिसतहि नाहींत. म्हणून साबणाच्या फेंसाची परीक्षा दर लॉटच्या आधीं नव्यानें घ्यावी. उन्हाळ्यांत शेगड्या महिनेच्या महिने बंद असतात. तेवढ्यांत हवेच्या तोंडाशीं कोळी जाळें विणतो आणि धुराड्यांत चिमणी किंवा साळुंकी घरटें बांधते. हिंवाळा उभा राहण्यापूर्वीं, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, वर्षांतून एकदां जाणत्या कारागिराकडून नळी, पंखा, सांधे व धुराडें हीं तपासून घ्यावीं. प्रमाणित रबरी नळीहि पांच वर्षांनीं, आणि तडा दिसला तर त्याआधींच, बदलावी.

इतकें करूनहि अपघाताची वेळ आलीच, तर काय करावें हें आधींच घरांतील व शेडमधील सर्वांस ठाऊक असावें. गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. परंतु अमोनियांत वावरणाऱ्याचें नाक बधिर होतें, म्हणून त्याच्या भरंवशावर न राहतां गळती कळविणारें यंत्र जमिनीजवळ बसवावें. गॅसचा वास आला तर विजेचें बटण चालूं किंवा बंद न करतां सिलिंडरची चावी मिटावी, पडदे उघडावे, माणसें बाहेर काढावीं आणि १९०६ या क्रमांकावर दूरध्वनि करावा. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा निराळा असतो. डोकें जड होणें, मळमळ, भोंवळ, पायांतील बळ जाणें, हीं चिन्हें एकाच वेळीं दोघां-तिघांना दिसलीं, तर अपचनाचा तर्क करीत बसूं नये. सर्वांना तत्काळ उघड्यावर आणावें व रुग्णालयांत न्यावें. हा वायु हवेच्याच वजनाचा असल्यामुळें त्याचें इशारायंत्र श्वासाच्या उंचीवर लावतात. राखणदारानें मात्र पेटत्या शेगडीच्या शेडमध्यें कधींहि झोंपूं नये; त्याची खाट बाहेरच्या खोलींत असावी आणि उठण्यासाठीं घड्याळाचा गजर असावा.

शहरांतील श्रोत्यास वाटेल, कीं शिरूर-दौंडच्या कोंबड्यांचा हा प्रपंच आपल्याला काय करावयाचा? परंतु हीच ज्वाला शहरांतील पुष्कळ घरांच्या स्नानगृहांत भिंतीवर टांगलेली आहे. तिला गॅसचा गिझर म्हणतात. मध्यम आकाराचा गिझर ताशीं पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. पांच फूट रुंद, सहा फूट लांब व आठ फूट उंच अशा स्नानगृहांत सात घनमीटरहि हवा मावत नाहीं. थंडी वाजते म्हणून खिडकी लावून, दार मिटून अर्धा तास स्नान चाललें, तर गिझरला तेवढ्या वेळांत पांच-सहा घनमीटर हवा लागते; म्हणजे खोलींतील बहुतेक सारी. प्राणवायु जसजसा कमी होतो, तसतसा कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि आंतील मनुष्यास जी गुंगी येते ती ऊन पाण्याची सुखाची गुंगी वाटते. शेडमधील पिलें निदान गोळा होऊन किंवा पळून आपली तक्रार सांगतात; बंद स्नानगृहांतील मनुष्यास तेवढीहि सवड मिळत नाहीं.

म्हणून जो नियम शेडला तोच घराला. गिझर स्नानगृहाच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागीं बसवावा आणि आंत फक्त ऊन पाण्याचा नळ आणावा. त्याचें धुराडें थेट बाहेर काढावें. त्याच्या ज्योतीचा रंग अधूनमधून पाहावा. आणि वर्षांतून एकदां, थंडीच्या आधीं, तो जाणत्याकडून तपासून घ्यावा. गिझर आधींच आंत बसविलेला असेल, तर तो हलविला जाईपर्यंत पाणी बादलींत काढून घ्यावें, गिझर बंद करावा, खिडकी उघडून हवा खेळूं द्यावी, आणि मगच स्नानास बसावें. इतक्या अल्प तसदीनें ज्वालेला तिचा वाटा मिळतो आणि माणसाचा श्वास माणसाकडेच राहतो.